कात्री कुणाच्या हातात?

(युवकांच्या अभ्यासवर्गात दिलेलं भाषण. बोलताना जसं आलं, बहुतेक तसंच ठेवलं आहे.)



गेल्या महिन्यात आपल्यातल्याच एका दोस्ताने मला चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर गाठलं. म्हणाला, "तू मोर्च्यात पुढे असतोस. रात्रभर पोस्टरं चिकटवतोस. पोलिसाच्या काठ्या खाल्ल्यास. आणि रविवार उजाडला की इस्त्रीचा शर्ट घालून गोऱ्या साहेबाचा देव पूजायला जातोस. लाज कशी वाटत नाही रे?"

मी त्या दिवशी गप्प बसलो. उत्तर नव्हतं असं नाही, पण ते एका चहात मावणारं नव्हतं. आज तुम्ही वेळ दिला आहे, तर बोलतो. कुणाचा बाप्तिस्मा करायला मी उभा नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी का मानतो, एवढंच सांगायचं आहे. पटलं नाही तर शेवटी उभं राहून मला धुवा.

पहिली गोष्ट. हा प्रश्न माझ्या दोस्ताने शोधून काढलेला नाही. १९३५ साली हॉवर्ड थर्मन नावाचा एक काळा अमेरिकन धर्मोपदेशक कोलंबोला आला होता. त्याची आजी गुलाम म्हणून जन्मलेली. लॉ कॉलेजात त्याचं भाषण झालं. नंतर तिथल्या एका कायदेपंडिताने त्याला तोंडावर विचारलं: तुझ्या पूर्वजांना आफ्रिकेतून धरून नेलं ते ख्रिस्ती लोकांनी. विकत घेतलं ते ख्रिस्ती लोकांनी. गुलाम वाहून नेणाऱ्या एका जहाजाचं नावच 'जीझस' होतं. आणि तू त्याच धर्माची झूल पांघरून इथे आलास? तू तर जगातल्या सगळ्या काळ्यासावळ्या माणसांशी बेइमानी करतो आहेस.

जहाजाची गोष्ट खरी आहे. जॉन हॉकिन्स नावाच्या इंग्रजाने १५६४ साली राणी एलिझाबेथच्या मालकीचं 'जीझस ऑफ ल्यूबेक' नावाचं जहाज घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं पकडली आणि विकली. थर्मनने तो प्रश्न टाळला नाही. तो पुढे वर्षानुवर्षं त्यावर विचार करत राहिला आणि १९४९ साली त्यातून त्याचं 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' हे पुस्तक आलं. ज्यांना सगळ्यातून बेदखल केलं आहे, ज्यांची पाठ भिंतीला टेकली आहे, त्यांना येशू काय सांगतो, असा त्या पुस्तकाचा सवाल आहे.

मला उत्तराकडे पळायची घाई नाही. आधी आरोप पुरा ऐकून घेऊ, कारण तो जहाजापाशी संपत नाही. बार्बाडोस बेटावर कॉड्रिंग्टन नावाचे उसाचे मळे होते. १७१० साली मालक मेला आणि मृत्युपत्राने ते मळे, गुलामांसकट, इंग्लंडच्या चर्चच्या एका धर्मप्रसारक संस्थेला मिळाले. शुभवर्तमान जगभर पोचवणारी ही मंडळी. त्यांच्या मळ्यावर काय झालं? गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने 'सोसायटी' असा शिक्का मारला गेला. आपण बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतो तसा. १८३३ साली ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी मोडायचा कायदा झाला तेव्हा २ कोटी पौंडांची नुकसानभरपाई ठरली. कुणाला? गुलामांना एक छदामही नाही. मालकांना! या धर्मप्रसारक संस्थेनेही आपला वाटा उचलला. चर्च ऑफ इंग्लंडला माफी मागायला २००६ साल उजाडावं लागलं.

तेव्हा दोस्ता, तुझ्या आरोपातलं एक अक्षरही मी खोडत नाही. उलट दोनचार मीच घालतो.

आता दुसरी गोष्ट. त्याच उसाच्या बेटांसाठी १८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या निग्रो गुलामांसाठी निवडलेले भाग, असं त्याच्या नावातच लिहिलं होतं. बायबलमध्ये सगळे मिळून ११८९ अध्याय. या पुस्तकात होते २३२. जुन्या कराराचा सुमारे ९० टक्के भाग गायब, नव्या कराराचा निम्मा गायब. त्या काळाकडे बघा. शेजारच्या हैतीतल्या गुलामांनी फ्रेंचांना हाकलून १८०४ साली स्वतःचा देश उभा केला होता. मळेवाल्यांची झोप उडाली होती. गुलामांना धर्म शिकवायचा तर मळेवाल्यांना खपेल असाच शिकवायला हवा होता. म्हणून कात्री चालली.

काय कापलं ते नीट ऐका. मोशे फारोच्या दरबारात जातो, माझ्या लोकांना सोड म्हणतो आणि गुलामांचा अख्खा जमाव मिसर देशातून बाहेर पडतो, ती निर्गमातली सुटकेची कहाणी कापली. स्तोत्रसंहिता, म्हणजे दडपलेल्या माणसाने देवापुढे फोडलेला टाहो, ती कापली. ख्रिस्तामध्ये दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे गलतीकरांच्या पत्रातलं वाक्य कापलं. साम्राज्य कोसळताना दाखवणारं प्रकटीकरण कापलं.

आणि ठेवलं काय? योसेफ ठेवला. भावांनी विकला, तरी परक्या मुलखात इमानाने चाकरी करणारा योसेफ. आणि पौलाचं ते वाक्य, दासांनी आपल्या धन्याचं ऐकावं, ते ठेवलं.

मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसलो. बायबलवरची कितीतरी भाष्यं वाचली होती, पण इतकं स्पष्ट भाष्य वाचलं नव्हतं. या पुस्तकात आपल्याविरुद्ध काय लिहिलं आहे, हे मालकाला पक्कं ठाऊक होतं. पाळकाला नसेल, मालकाला होतं. सगळं पुस्तक त्याच्या बाजूचं असतं तर त्याला कात्री लागली असती का? हातात अख्खं दिलं असतं, पाठ करायला लावलं असतं.

आणि एवढं कापूनही उपयोग झाला नाही. जमैकात सॅम शार्प नावाचा गुलाम होता. वाचता येत होतं. बॅप्टिस्ट चर्चात डीकन होता. प्रार्थनासभा घ्यायचा आणि त्याच सभांतून संप बांधायचा. तो लोकांना सांगायचा की एका माणसाला दोन धनी असू शकत नाहीत, आणि गोऱ्याने काळ्याला बाळगायचा हक्क बायबल देत नाही. १८३१ च्या नाताळनंतर पगाराशिवाय ऊस तोडायचा नाही असं ठरलं. बायबलवर हात ठेवून शपथा झाल्या. २७ डिसेंबरला मळे पेटले. ६०,००० च्या आसपास गुलाम उठले असं मानतात. सरकारने ५०० हून जास्त गुलाम मारले, काही लढाईत आणि बरेचसे फासावर. गोऱ्यांच्या टोळ्यांनी गुलामांची चर्चं पाडली. २३ मे १८३२ रोजी शार्पला फाशी दिलं. आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटात तो कायदा झाला. कायदा काय नुसत्या दयेतून झाला? त्यामागे या संपाचा धसका होता. आज सॅम शार्प जमैकाचा राष्ट्रीय वीर आहे.

अजून एक प्रसंग सांगतो, मला फार आवडतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात १८३३ च्या सुमारास चार्ल्स जोन्स नावाचा गोरा मिशनरी गुलामांपुढे प्रवचन करत होता. विषय: फिलेमोनाला पत्र. त्यात अनेसिम नावाच्या दासाला पौल त्याच्या धन्याकडे परत पाठवतो. जोन्सने त्यातून शिकवण काढली की पळून जाणं पाप आहे. त्याबरोबर अर्धी सभा उठली आणि चालती झाली. जे थांबले त्यांच्यातल्याही काहींनी नंतर तोंडावर सांगितलं, असलं पत्र बायबलात असूच शकत नाही. हे जोन्सने स्वतः नोंदवून ठेवलं आहे.

गंमत बघा. पत्र बायबलात आहे. पण त्याच पत्रात पौल असंही म्हणतो की आता याला दास म्हणून घेऊ नकोस, भाऊ म्हणून घे. ते जोन्सने जसं खुलवायला हवं तसं खुलवलं नाही. ज्यांना अक्षर वाचायची बंदी होती, त्यांनी अर्थ बरोबर वाचला. शिकलेल्या मिशनऱ्याने अक्षर वाचलं आणि अर्थ सोडला.

इथपर्यंत तुम्ही माझ्या बाजूने माना हलवल्यात. आता मीच तुम्हाला अडवतो.

दासांनी धन्याचं ऐकावं, हे वाक्य मालकाने घुसडलेलं नव्हतं. ते पुस्तकात आहे. आजही आहे. माझ्या घरच्या मराठी बायबलातही आहे. त्याचं काय करायचं?

थर्मनची ती आजी, नॅन्सी अँब्रोज. तिला वाचता येत नव्हतं. नातू तिला बायबल वाचून दाखवायचा. स्तोत्रं चालायची, यशया चालायचा, शुभवर्तमानं चालायची. पौलाची पत्रं मात्र ती वाचू द्यायची नाही. अपवाद एकच: करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, प्रीतीबद्दलचा. मोठा झाल्यावर नातवाने कारण विचारलं. तिने सांगितलं की गुलामीच्या काळात मालक आपला गोरा उपदेशक आणायचा, आणि तो नेहमी पौलाचं तेच ऐकवायचा, धन्याचं ऐका. तेव्हाच तिने मनाशी गाठ बांधली होती की सुटका झाली तर पुस्तकातला तो भाग पुन्हा ऐकायचा नाही.

म्हणजे कात्री आजीच्याही हातात होती!

मग फरक काय राहिला? मालकाने त्याच्या सोयीचं कापलं, म्हातारीने तिच्या सोयीचं. पुस्तक म्हणजे मेणाचा गोळा, ज्याला जसा हवा तसा देव करावा. असं असेल तर विश्वास बिश्वास सगळी फसवणूकच म्हणायची.

आणि इथे बाबासाहेब समोर उभे राहतात. १९३६ च्या त्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात, 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, त्यांनी सुधारकांना हेच सुनावलं होतं. शास्त्रांचा खरा अर्थ वेगळा होता हो, असं म्हणत बसू नका. लोक त्यांचा जो अर्थ घेऊन वागतात तो बघा. शास्त्रांचं पावित्र्यच मोडा. त्याआधी महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी, म्हणजे नाताळाच्याच दिवशी, मनुस्मृती जाळली गेली होती. तिचा नवा अर्थ लावत कुणी बसलं नाही. मग मी बायबलचा अर्थ लावत का बसावं?

हा प्रश्न माझ्या दोस्ताच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. मी त्याच्याशी बरीच वर्षं झगडलो. मला जे सापडलं ते सांगतो.

लूकच्या चौथ्या अध्यायात येशू आपल्या गावी, नासरेथच्या सभास्थानात उभा राहतो. सुताराचा पोर. त्याच्या हातात यशयाचा ग्रंथपट देतात. तो वाचतो: गरिबांना चांगली बातमी, धरून नेलेल्यांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, ठेचलेल्यांना मोकळीक, प्रभूच्या कृपेचं वर्ष. आणि मधेच थांबतो. यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायात हे वाक्य पुढे चालू राहतं, आणि पुढे देवाच्या सूडाचा दिवस आहे. लूकने लिहिलेल्या या वाचनात तो सूड नाही. ग्रंथपट गुंडाळून येशू खाली बसतो. मग तो गावकऱ्यांना सांगतो की दुष्काळात देवाने संदेष्ट्याला पाठवलं ते परक्या मुलखातल्या एका विधवेकडे, आणि बरा केला तो परका सुरियाचा महारोगी. हे ऐकून गावकरी असे भडकले की त्याला टेकडीच्या कड्यावरून लोटून द्यायला निघाले.

म्हणजे या पुस्तकाचं वाचन कसं करायचं, याचा एक नमुना पुस्तकाच्या आतच आहे. येशू शास्त्र वाचतो, त्यातून निवडतो आणि निवडीची किंमत मोजतो. त्याचा निकष काय? ठेचलेला माणूस सुटतो का, आणि आपल्या कुंपणाबाहेरचा माणूस आत येतो का.

या निकषावर दोन्ही कात्र्या ठेवून बघा. मालकाने जे कापलं ते त्याला स्वतःला आरोपी ठरवत होतं, आणि त्याने ते लपवून कापलं. उरलेल्या कागदालाच बायबल म्हणून विकलं. आजीने जे बाजूला ठेवलं त्याने तिच्या पाठीवर वळ उठवले होते. तिने लपवलं काही नाही, नातवाला कारण सांगितलं. आणि तोच पौल प्रीतीबद्दल बोलू लागला की ती त्याला घरात घ्यायची. तिने पुस्तकाचा गाभा पकडला आणि बाकीचं त्या गाभ्यावर घासून बघितलं. मनुस्मृती जाळावी लागली, कारण तिच्या गाभ्यातच उतरंड आहे. ती काढली तर खाली राहणारं काही नाही. बायबलमधून गुलामाला दिलेला हुकूम काढला तर निर्गम राहतं, यशया राहतो, नासरेथचं सभास्थान राहतं. बाबासाहेबांचा निकष मी बायबलला लावतो, सूट देत नाही. कुठलंही वाक्य देवाच्या नावावर छापलं आहे एवढ्याने ते पवित्र होत नाही.

मात्र कात्री हातात आली की धोका आपल्यालाही आहे. पौलाच्याच पत्रात बायकांनी सभेत गप्प राहावं असंही आहे. जरीना ली नावाच्या काळ्या बाईने उपदेश करायची परवानगी मागितली तेव्हा तिला आधी नकार मिळाला, आणि तो काळ्यांच्याच पुढाऱ्याकडून मिळाला. तिचं म्हणणं होतं की तारणारा पुरुषासाठी मेला तसाच बाईसाठीही मेला. १८१९ साली परवानगी मिळाली. आपण गुलामीचं वाक्य कापतो आणि बायकांचं वाक्य ठेवतो, तेव्हा आपण कोण असतो? इथे बसलेल्यांत पुरुष किती, बाया किती, जरा मागे वळून बघा.

आता शेवटचा मुद्दा. अर्थ लावण्याचं झालं. पण मानायचं कशासाठी? चांगलं वाचन तर नास्तिकही करू शकतो.

रोमी राज्यात क्रूस ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंत रस्त्याच्या कडेने ६,००० गुलाम खांबांवर ठोकले होते. पिलाताच्या हुकमाने येशूला मारलं, ते याच शिक्षेने. पिलाताने त्याला मृत्युदंड दिला, हे रोमी इतिहासकार टॅसिटसनेही लिहून ठेवलं आहे. धर्मांच्या देवांना सिंहासनं असतात. इथे काही साध्या माणसांनी सांगायला सुरुवात केली की रस्त्यावर ठोकून मारलेल्या या आरोपीलाच देवाने उठवलं. चारी शुभवर्तमानांत रिकामी कबर आधी बघतात त्या बाया. त्या समाजात बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. गोष्ट रचायचीच असती तर असले साक्षीदार कुणी निवडले असते का? प्रयोगशाळेतला पुरावा हा नव्हे, मला मान्य आहे. पण ज्यांची साक्ष कोर्टात चालत नाही, त्यांची साक्ष ऐकायला आपण तरी तयार असलं पाहिजे. आपलीही साक्ष कुठे चालत होती?

जेम्स कोन या काळ्या धर्मपंडिताने २०११ च्या पुस्तकात क्रूस आणि अमेरिकेत काळ्यांना लटकवलं ते झाड शेजारी ठेवलं. झाडाकडे बघितल्याशिवाय तिथे क्रूस कळत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याआधी १९७३ साली विल्यम जोन्स या काळ्याच तत्त्वज्ञाने पुस्तकाच्या नावातच विचारलं होतं, देव गोरा वंशवादी आहे काय? देव पिचलेल्यांच्या बाजूचा आहे म्हणता, मग पिचलेले अजून पिचलेलेच कसे? याचं बिनतोड उत्तर माझ्याजवळ नाही. खैरलांजीची बातमी २००६ साली वाचली त्या रात्री माझ्याच्याने प्रार्थना झाली नाही. पण त्या रात्री सिंहासनावरचा देव माझ्या उपयोगाचा नव्हता. मारलेल्यांच्या रांगेत उभा असलेला देव, त्याच्याशी निदान भांडता आलं. माझा विश्वास म्हणाल तर एवढाच आहे: जगाने ज्याला कचऱ्यात टाकलं, शेवटचा निकाल त्याच्या बाजूने लागणार आहे, आणि तो निकाल आजपासून जगायचा आहे. शार्प तसाच जगला.

आपल्या घरचंही सांगून संपवतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीत हिंदूच धरले. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर राहिले. म्हणजे आमची जात कागदावरून गेली. चर्चच्या बाकावरून गेली का? मी ज्या चर्चमध्ये वाढलो तिथे महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एका पेल्यातून प्रभुभोजन घ्यायचे, पण सोयरीक जमवायची म्हटली की पाळकासकट सगळे गप्प. गलतीकरांच्या पत्रातलं तेच वाक्य आमच्याही चर्चने कापलं. कागदावर छापलेलं ठेवलं, जगण्यातून कापलं. त्याविरुद्ध मी चर्चमध्ये बोलतो, म्हणून तिथेही मला कुणी पुढच्या बाकावर बसवत नाही.

जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण निर्मिकात आणि माणसात दलाल नको, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. माझंही मागणं तेवढंच आहे. पुस्तक कुठलंही असो, दुसऱ्याने कापून दिलेलं घेऊ नका. अख्खं मागा, स्वतः वाचा, आणि त्यात आपल्याविरुद्ध लिहिलेलं असेल ते आधी मोठ्याने वाचा.

दोस्ता, हे तुझं उत्तर. रविवारी मी जाणार आहे. सोमवारच्या मोर्च्याची पोस्टरं तुझ्याकडे आहेत, खळ मी आणतो.

जय भीम.